कोंबडीला शेडिंग हवं का?

पत्र

ताई, मी गडहिंग्लज तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४२. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. चित्रकला कुठे शिकलेली नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पेपर कटिंगच्या उरलेल्या खाकी कागदावर पांढऱ्या आणि काळ्या जेल पेनाने चित्रं काढत बसते. आठवडी बाजार, कोंबड्या, असंच काही. माणसांना नाक-डोळे काढत नाही, सावल्या नसतात, सगळं चपटं असतं. पण लुगड्यांवर, पिसांवर, पाट्यांवर नक्षी भरायला फार आवडतं. ऊसगाडी मात्र जमत नाही, बैल आणि चाकं एकमेकांत अडकतात.

मुलाने फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. कुणी लिहिलं, ‘छान वारली आहे’. एकाने लिहिलं, ‘लहान पोरांसारखं’. माझे दीर हायस्कुलात ड्रॉइंग शिकवतात. ते म्हणाले, हात बरा आहे, पण पाया कच्चा. आधी शेडिंग, पर्स्पेक्टिव्ह, मानवाकृती शीक, मग चित्रं काढ. क्लास लांब आहे, आठवड्यातून दोन दिवस दुकान बंद ठेवावं लागेल. त्यात एका बाईंनी नातीच्या बारशाला द्यायला कोंबडीचं चित्र मागितलंय, ४० नग, ‘सगळे सेम टू सेम’. काय करू? तीन चित्रांचे फोटो पाठवतेय.

उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही मला ताई म्हटलंय, मीही तुम्हाला ताईच म्हणते. वयाचा हिशेब नको.

आधी कोंबडीबद्दल बोलते, कारण पत्र वाचून झालं तरी मी परत परत तिच्याकडेच जात होते. ती उकिरड्यावर उभी आहे, मान खाली, शेपूट वर. अंगभर तुम्ही बारीक तिरप्या रेघा मारल्यात. पहिल्यांदा वाटलं, जागा भरायची म्हणून मारल्या असतील. मग फोटो मोठा करून बघितला. मानेजवळ रेघा आखूड आणि दाट आहेत, पाठीवर लांब होत गेल्यात, आणि पंख अंगाला चिकटतो तिथे त्यांची दिशा एकदम फिरते. कच्चा टाका घालताना गळ्याच्या गोलाईवर सुई वळते ना, तशी. पंखाचा फुगीरपणा त्या वळणातून कळतो. सावलीचा एक ठिपका नाही, तरी कोंबडी अंगाने भरलेली दिसते. दिरांना जे काम शेडिंगकडून करून घ्यायचंय, ते तुमच्या रेघेने आधीच उरकलंय.

बाजाराचं चित्रही चांगलं आहे. कांद्यांचे ढीग म्हणजे नुसते गोलच गोल, पण खालच्या ओळीतले गोल जरा दबलेले. बायका पाठमोऱ्या, प्रत्येकीचं लुगडं वेगळं: ठिपके, चौकडा, आडवे पट्टे, बुट्टी. आणि एका कडेला तागडी धरलेला माणूस, त्याचा सदरा अगदी कोरा. एवढ्या नक्षीच्या गर्दीत नजर थेट त्या कोऱ्या सदऱ्यावर जाते आणि तिथून तागडीवर. हे ठरवून केलं असेल तर शाबास. आपसूक झालं असेल तर दुप्पट शाबास.

मोर मात्र मला आवडला नाही. पिसात पान, पानात कोयरी, कोयरीत ठिपके, वर आकाशातही वेलबुट्टी. मेहनत भरपूर झालीय, दिसतेय, पण बघणाऱ्याने कुठे थांबायचं ते कळत नाही. तुम्ही कापडातल्या आहात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं? लुगड्याला काठ असतो, पदर असतो आणि मधे साधं अंग असतं. अंगभर पदरच विणला तर तो पदर राहत नाही. शिवाय मला दाट संशय आहे की कोंबडी तुम्ही दारात बघितलीत आणि मोर मोबाइलवर. पिसांवरची ती नक्षी मोराची नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी नक्षीची नक्कल आहे. रागावू नका. तिन्ही चित्रं आवडली असती तर उत्तर लिहायला मला एवढी मजा आली नसती.

आता दिरांच्या सल्ल्याकडे येते. ते तुमचं वाईट चिंतत नाहीत. त्यांना जसं शिकवलं गेलं तसंच ते सांगतायत. पण हे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला असं झालंय. तुमच्या चित्रात पाया कच्चा आहे असं मला दिसत नाही. पाया दुसऱ्या जागी आहे, इतकंच, आणि तो कुठे आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बाईचं अंग गोल असतं, कागद सपाट. तरी तुम्ही त्या कागदावर पाठ, पुढा, बाही आणि पट्टी बेतता, मुंढ्याची गोलाई खोडता, छातीला टक्स देता, आणि ते तुकडे जोडले की ब्लाउज अंगावर चपखल बसतो. कागदावर बेतताना त्या बाईचा रंग, वय, चेहरा, गळ्यातलं डोरलं हे सगळं तुम्ही सोडून देता. घेता फक्त मापं. नेमकं काय सोडायचं आणि काय सोडून चालणार नाही, हे तुम्ही किती वर्षं रोज ठरवत आलाय! चित्रात सोपं करणं म्हणजे याहून वेगळं काही नसतं. सोडलेली गोष्ट माहीत असून सोडली की चित्र सुटसुटीत होतं, माहीतच नसल्यामुळे सुटली की ते पोकळ दिसतं. तुमच्या कोंबडीत आणि मोरात हाच फरक आहे.

‘लहान पोरांसारखं’ म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? काही देऊ नका. पण या शब्दावरून मला माझीच एक गोष्ट आठवली. मी २६ वर्षं ड्रॉइंग शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला पाचवीच्या वर्गात एका मुलाने पाणी भरणारी आई काढली होती. आई बाजूने दिसणारी, उभी, आणि विहीर मात्र वरून बघितल्यासारखी, गोल, आत पाण्याच्या वळ्या. मी म्हटलं, “अरे, एकाच वेळी बाजूने आणि वरून कसं दिसेल?” तो म्हणाला, “बाई, हिरीत वरनंच बघत्यात की.” मी खोडरबर घेतलं आणि विहीर पुसून लंबवर्तुळ काढून दाखवलं. नियमाने माझं बरोबर होतं. पण त्या लंबवर्तुळात पाणी नव्हतं, आणि ते त्या पोराला दिसत होतं, मला नव्हतं. पुढे वर्षभर त्याने वहीत फक्त मी फळ्यावर काढलेलंच उतरवलं. आजही कुणी ‘पर्स्पेक्टिव्ह चुकलंय’ म्हटलं की मला तो गोल आठवतो.

ऊसगाडीची अडचण खरी आहे, पण तिला पर्स्पेक्टिव्हच लागतं असं नाही. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या चित्रांत साधा हिशेब असतो: मागचं ते वर. दूरची वस्तू लहान करायची नाही, पानावर वर सरकवायची. एक बैल खाली, त्याच्या वर दुसरा, दोघांवरून जाणारं जू. चाकंही तशीच, दोन्ही पूर्ण गोल, एक खाली, एक वर. मग काहीच कशात अडकत नाही. करून बघा. नाही जमलं तर ऊसच इतका भरा की मागचं चाक दिसणारच नाही. हंगामात रस्त्यावर ते तसंही कुठे दिसतं?

‘छान वारली आहे’ ही कौतुकाची पावती असली तरी ती घेऊ नका. ती तुमची नाही. सपाट, सोपं आणि नक्षीदार दिसलं की लोक वारली म्हणून मोकळे होतात. वारली चित्रांत माणसाचं अंग टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांचं असतं, आणि त्या टोकावर सगळं अंग तोललेलं असतं, म्हणून ती माणसं वाकतात, नाचतात, ओझं उचलतात. तुमच्या बायका गाठोड्यासारख्या ऐसपैस बसलेल्या आहेत. दोन्हींचा काही संबंध नाही. शिवाय वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. दुसरं काही त्या नावाने विकलं तर ज्यांची ती कला आहे त्यांच्या पोटावर पाय येतो.

पण जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल तुम्हाला सांगितलंच पाहिजे. जन्म १९३४ चा, राहायचे डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या पाड्यावर. लहानपणी आई गेली आणि या मुलाने बोलणंच सोडलं, धुळीत चित्रं काढून सांगायचं ते सांगायचा. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने त्या पालघट देवीचा चौक काढत. जिव्यांनी तीच रेघ उचलली आणि लग्न नसतानाही रोज काढत राहिले: भातलावणी, मुंग्या, झाडं, मासेमारी. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्या भागात गेले आणि त्यांनी हा हात ओळखला. पुढे मुंबईत आणि परदेशात प्रदर्शनं झाली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र कुठे मिळालं तर मोठं करून बघा. जाळं म्हणजे बारीक पांढऱ्या रेघांचा प्रचंड पसारा. एकच खूण शेकडो वेळा काढलेली, पण यंत्राने छापल्यासारखी कुठेच नाही. रेघा जवळ येतात तिथे जाळं ओढलेलं दिसतं, लांब जातात तिथे सैल. रंग एकच, सावली शून्य. जाळ्याची ओढ ज्याने डोळ्यांनी पाहिली आहे त्याच्याच हाताला ती घनता कुठे कमी-जास्त करायची ते कळतं. तुमच्या कोंबडीच्या मानेजवळच्या दाट रेघा मला या जाळ्याच्या नात्यातल्या वाटल्या. वारलीशी नातं सांगायचं तर एवढंच सांगा, तेही मनातल्या मनात.

त्या ४० कोंबड्या.

कॅनडात नोव्हा स्कॉशिया म्हणून समुद्रकाठचा प्रांत आहे. तिथे मॉड लुइस नावाची बाई होऊन गेली, १९०३ ते १९७०. तिचंही चित्रकलेचं कुठे शिक्षण नाही. लहानपणी आईबरोबर नाताळची भेटकार्डं रंगवून विकायची, तेवढीच शाळा. लहानपणापासून संधिवात, बोटं वाकडी झालेली. नवरा फिरून मासे विकायचा. घर म्हणजे एक खोली, त्यात वीज नाही, नळ नाही. त्या खोलीचं दार, खिडकीच्या काचा, चूल, पावाचा डबा, सगळ्यावर तिने फुलं आणि पाखरं रंगवली होती. सावली नाही, रंगात रंग मिसळणं नाही. काळी मांजरं, जू घातलेल्या बैलजोड्या आणि त्या बैलांना लांबच लांब पापण्या! दारावर चित्रं विकायची पाटी, रस्त्याने जाणारे लोक थांबून दोन-पाच डॉलरला घेऊन जायचे. आता ते अख्खं घर हॅलिफॅक्सच्या कलासंग्रहालयात आणून ठेवलंय. तिचं काळ्या ट्रकचं एक चित्र कधीकाळी एका हॉटेलवाल्याकडे चीज सँडविचच्या बदल्यात गेलं होतं. ते २०२२ मध्ये लिलावात साडेतीन लाख कॅनेडियन डॉलरला गेलं. (तिला त्यातलं काही दिसलं नाही, हे वेगळं सांगायला नको. तुमच्या चित्राचं असं होईल असा यात माझा काही दावा नाही.)

ही बाई तेच तेच विषय आयुष्यभर काढत राहिली. मांजरं मागितली तर मांजरं, बैल मागितले तर बैल. तेव्हा ‘एकच चित्र परत काढलं तर कला मरते’ असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही एका मापाचे दहा ब्लाउज शिवता, त्याने हात बिघडत नाही. पण ‘सेम टू सेम’ या अटीत पाचर आहे. पहिली कोंबडी काढताना रेघ कुठे वळवायची ते तुम्ही कोंबडीकडे बघून ठरवलंत. चाळिसावी काढताना पहिल्या कागदाकडे बघून ठरवाल. तेव्हा ती रेघ पंखावरून वळणार नाही, सवयीने वळेल. अशी ४० काढली तर ४१ वी स्वतःसाठी काढायला बसलात की हात आपोआप तीच कोंबडी काढेल. मोबाइलवरच्या मोरापेक्षा हे वाईट, कारण इथे नक्कल आपलीच असते आणि ओळखू येत नाही.

म्हणून त्या बाईंना सरळ दोन पर्याय सांगा. सगळे नग तंतोतंत सारखे हवे असतील तर मूळ चित्र नीट स्कॅन करून चांगल्या कागदावर ४० प्रिंट काढून देते, मूळ माझ्याकडे राहील. हाताने काढलेलीच हवी असतील तर ४० कोंबड्या मिळतील, पण प्रत्येक वेगळी: एक खुडुक बसलेली, एक पिल्लांना घेऊन चाललेली, एक नुसतीच भांडखोर. दर दोन्हींचे वेगळे. हातच्या चित्राचा दर लावताना ब्लाउजच्या शिलाईचाच हिशेब धरा: किती तास बसले, त्या तासांत किती शिलाई झाली असती, वर कागद आणि पेन. बायका चित्राचे पैसे सांगताना कचरतात, ‘रिकाम्या वेळात तर काढलंय’ म्हणतात. रिकामा वेळ तुमचाच होता ना? आणि प्रिंट असो की मूळ, कोपऱ्यात सही आणि वर्ष घाला. तुमच्या तिन्ही चित्रांवर सही नाही.

कागदाचं राहिलंच. खाकी कागदाचा रंग तुमच्या पांढऱ्या रेघेला फार शोभतो, पण तो कागद टिकाऊ नाही. त्यात आम्ल असतं. उजेडात रंग उडतो आणि काही वर्षांत घडीवर तुटायला लागतो. जुन्या पेपर कटिंगचं काय होतं ते तुमच्या कपाटात तुम्ही बघितलं असेलच. सराव खुशाल त्यावर करा. विकायचं किंवा जपायचं चित्र मात्र ‘ॲसिड फ्री’ असं लिहिलेल्या तपकिरी कागदावर काढा, मोठ्या शहरातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. नाहीतर मांजरपाट घ्या. धुऊन खळ काढा, इस्त्री करा, गेरूच्या रंगाचा ॲक्रिलिकचा पातळ हात द्या आणि त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिकने बारीक ब्रशने काढा. कापडावर तुमचा हात कागदापेक्षा जास्त मोकळा चालेल असा माझा अंदाज आहे. शिलाईचा खडू मात्र आखणीपुरताच, तो झटकला की जातो.

आणि क्लास? शेडिंग शिकल्याने कुणाचं वाटोळं होत नाही. आवड असेल, सवड असेल तर शिका. पण दुकान आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवून, आणि चित्रं काढायची परवानगी मिळवायची म्हणून, नको. दिरांना हवं तर आठवण करून द्या की एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्राइतकाच संकल्पचित्राचाही पेपर असतो. सपाट आकार, भरलेली नक्षी, मोकळी सोडलेली जागा, हे सगळं त्यात तपासतात. म्हणजे शासनानेही कोंबडीला शेडिंग सक्तीचं केलेलं नाही.

त्या क्लासच्या पैशात त्यापेक्षा एक दिवस कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन या. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत सकाळी निघालात तर दुपारच्या आत पोचाल. तिथले ठाकर कलाकार पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी दाखवत आलेत: एकेका कागदावर रामायण-महाभारतातला प्रसंग, एक जण गात गोष्ट सांगणार आणि चित्रं उलटत जाणार. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी तिथे उभारलेलं संग्रहालयही आहे. बाजूने काढलेले चेहरे, टपोरे डोळे, रथाला जोडलेले घोडे एकापुढे एक, आणि वस्त्रांवर नक्षी. तुमच्या ऊसगाडीचा प्रश्न त्या रथांनी केव्हाच सोडवलाय. वही घेऊन जा, पण त्यांचे डोळे उचलून आपल्या बायकांना लावू नका. नुसतं बघा, काय सोडलंय आणि काय सोडलेलं नाही.

जाता जाता एक विचारायचं होतं. तुमच्या कोंबडीच्या पायाला पुढची तीन बोटं आहेत, मागचं चौथं नाही. ठरवून गाळलं असेल तर राहू द्या, पाय सुबक दिसतो. पण आठवतच नसेल, तर उद्या सकाळी खुराडं उघडाल तेव्हा जरा खाली वाकून बघा, ती माती उकरताना त्या बोटाचं काय करते. मग पुन्हा एक काढा आणि फोटो पाठवा.